भुरीनं पान्हा चोरला

बोईसर,
१२ नोव्हेंबर १९६७

चि. चंद्रभान यास मारुतीचे अनेक आशीर्वाद.

तुझी ताई भाऊबीजेला तुझ्याकडे आली ती अजून तिकडेच आहे. राहू दे. घाई नाही. बोईसरहून पालघर म्हणजे एका स्टेशनाचं अंतर, पण माहेर ते माहेर. इकडे सगळं ठीक आहे. स्वयंपाक मी करतो आणि मीच खातो, त्यामुळे कोणाची तक्रार नाही.

पत्राचं कारण ताई नसून म्हैस आहे. ताई गेली त्या संध्याकाळपासून भुरी दूध देत नाही. आदल्या दिवशीपर्यंत बादली भरत होती. आता मी धार काढायला बसतो, ती आंबोण खाते, तांब्याचं बूड जेमतेम ओलं होतं आणि सगळं बंद. आंबोण संपली की मला लाथ मारते.

तू मला अणुवीज केंद्राच्या कामावर चिकटवलंस, तेव्हापासून मी पाइप जोडतोय. त्यामुळे माझ्या परीनं विचार केला. चार सड म्हणजे चार कॉक. टाकी भरलेली आहे, कास हाताला टणक लागते. कॉक उघडे आहेत. म्हणजे लाइन मध्येच कुठेतरी चोक आहे. कोमट पाण्यानं शेकलं, तेल चोळलं. शेवटी उतार मिळावा म्हणून तिचे पुढचे पाय ओट्यावर चढवले. ती तशीच अर्धा तास उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राहिली. मागच्या पाड्यावरची कमळी गवताचा भारा टाकायला येते, ती म्हणाली, "दादा, नजर लागली हाय हिला. मिरच्या ओवाला." ओवाळल्या. भुरी शिंकली, मी शिंकलो, कमळी शिंकली. दूध नाही.

तू विज्ञानाचा मास्तर आहेस. उपाय कळव, आणि जरा लवकर कळव. ताईला यातलं काही बोलू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल.

तुझा,
मारुती

*

पालघर,
१५ नोव्हेंबर १९६७

ती. दाजींस चंद्रभानचा सा. नमस्कार.

पत्र पोचलं. ताईला सांगितलं नाही. मी ते फक्त बायकोला, पुष्पलताला वाचून दाखवलं. पण आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये भिंत नाही, गोणपाटाचा पडदा आहे. म्हैस ओट्यावर चढली तेव्हा पलीकडे कोणीतरी इतकं हसलं की भाकरी करपली.

दाजी, पहिली गोष्ट म्हणजे कास ही टाकी नव्हे. गाईला खाली थोडा साठा तरी असतो, म्हशीला जवळजवळ नाहीच. कासेच्या आत लाखो पोकळ दाणे असतात, डाळिंबाच्या दाण्यांहून कितीतरी बारीक. प्रत्येक दाण्याची भिंत म्हणजे पेशींचा एकच थर. पेशीच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला दाण्याची पोकळी. पेशी रक्तातून पाणी, साखर, क्षार आत घेते आणि पलीकडे दूध सोडते. पण आत घेते म्हणजे काय, ऐरागैरा आत येत नाही! पेशीभोवती पटल असतं आणि त्यात ज्याची त्याची वेगळी दारं. काही पदार्थांना तर हात धरून आत आणणारा वाहक लागतो, तो नसेल तर ते बाहेर ताटकळतात. बाहेर जाण्याचीही हीच कडक शिस्त. स्निग्धाचा थेंब पेशीबाहेर पडताना त्या पटलाचाच एक तुकडा पांघरून जातो आणि पेशीला भोकसुद्धा पडत नाही. गेल्या वर्षी आलेल्या एका पुस्तकात मी याची छायाचित्रं पाहिली. नववीच्या वर्गाला सांगितलं, तर एकानं विचारलं, "सर, परीक्षेत आहे का?" असो.

तर दूध तयार होणं वेगळं आणि दूध सोडणं वेगळं. भुरीचं तयार होणं चालू आहे, म्हणून कास टणक. प्रत्येक दाण्याला बाहेरून मिठी मारून बसलेल्या काही पेशी असतात. त्या आवळल्या की दूध खाली येतं, यालाच आपण पान्हा म्हणतो. आवळायचा हुकूम मेंदूखालच्या एका इवल्या ग्रंथीतून निघतो आणि रक्तातून कासेपर्यंत जातो. आणि ती ग्रंथी हुकूम सोडते केव्हा? जनावराला आपलं माणूस जवळ आहे असं वाटेल तेव्हा. घाबरलं, चिडलं की दुसरी एक ग्रंथी तिसराच स्राव सोडते आणि सगळं ठप्प. तुमच्या भाषेत सांगतो: टाकी नाही, पंप आहे, आणि पंपाची चावी म्हशीच्या डोक्यात आहे.

भुरीचं पारडू श्रावणात गेलं. तेव्हापासून ताई हेच तिचं पारडू. म्हणून ताईचं एखादं न धुतलेलं लुगडं नेसून धार काढायला बसा. पुष्कळ ठिकाणी असं करतात, लाजू नका. आणि उशीर करू नका. दूध आतच तुंबत राहिलं की पेशी ते बनवायचं हळूहळू बंद करतात. म्हैस आटली की चावी सापडूनही उपयोग नाही.

तुम्ही स्वतः एकदा येऊन जा ना. गाडीची शिटी वाजली की ताई खिडकीशी जाते.

आपला,
चंद्रभान

*

बोईसर,
१९ नोव्हेंबर १९६७

चि. चंद्रभान यास आशीर्वाद.

मी आलो तर दोन्ही वेळेला भुरीजवळ कोण बसेल? आणि मी आलो म्हणजे घ्यायला आलो असा अर्थ होईल. माझं तिचं काही झालेलं नाही, मग घ्यायला कशाला यायचं?

लुगडं नेसलो. आता हे पत्र फाडून टाक. नऊवार म्हणजे किती असतं हे मला आजवर ठाऊक नव्हतं. दार लावून नेसलो तरी कमळी फटीतून ओरडली, "दादा, कासोटा मागं खोचतात, पुढं नाय!" दुसऱ्या दिवशी ती तीन बायकांना घेऊन आली. गवताचा भारा एकीच्याच डोक्यावर होता, बाकीच्या नुसत्या आल्या होत्या. त्यातली बुधी म्हणे, "बरा दिसतो गं."

पण तुझं शास्त्र खरं. भुरीनं मान वळवली, पदराचा वास घेतला, माझं मनगट चाटलं आणि तांब्याभर दूध दिलं. मग थांबली. कान टवकारून माझ्याकडे बघत राहिली. मी गप्प, ती गप्प. शाळेत मुलगा कविता म्हणताना मध्येच विसरला की मास्तर बघतात ना, अगदी तशी बघत होती.

म्हणून विचारतो. धार काढताना ताई काही गाते का? तू सहज विचारल्यासारखं विचार. आणि लवकर.

तुझा,
मारुती

*

पालघर,
२२ नोव्हेंबर १९६७

ती. दाजींस सा. नमस्कार.

पत्र फाडलं. त्याआधी पुष्पलतानं दोनदा वाचलं.

ताईला सहज विचारलं. म्हणाली, "गाते कसली? बोलते." काय बोलतेस, तर म्हणाली, "घरचं." मग पुष्पलतानं तिला तांदूळ निवडायला बसवलं आणि तासाभरात सगळं बाहेर आलं. दाजी, मन घट्ट करून वाचा. ताई रोज दोन्ही वेळेला म्हशीला तुमच्या तक्रारी सांगते. गेली दोन वर्षं. भुरीच्या लेखी तुमची निंदा सुरू झाली म्हणजे धार काढायची वेळ झाली. हे शास्त्राला अगदी धरून आहे.

तक्रारी पुष्कळ आहेत. मी तुमचा मेव्हणा आहे आणि तिचा भाऊ आहे, मधल्या पडद्यासारखी माझी अवस्था आहे. सगळंच आरपार जाऊ देणं बरं नव्हे. म्हणून तुम्हाला सोसतील एवढ्याच पाठवतो. एक म्हणजे तुम्ही घोरता. दुसरी, भाजीत मीठ कमी होतं हे तुम्ही ताट स्वच्छ झाल्यावर सांगता. तिसरी, भुसावळहून येताना तिची ट्रंक तुम्ही गाडीत विसरलात आणि अजून म्हणता चोरीला गेली. बाईच्या आवाजात म्हणा, पण फार बारीक आवाज काढू नका, तिला संशय येईल.

ताईनं आता परत जावं असं मलाही वाटू लागलं आहे. तिचं बघून पुष्पलता स्टोव्हशी बोलू लागली आहे. काल तो पेटेपर्यंत माझ्या आईपासून सुरुवात करून ती माझ्या छत्रीपर्यंत आली होती.

आपला,
चंद्रभान

*

बोईसर,
२६ नोव्हेंबर १९६७

चि. चंद्रभान यास आशीर्वाद.

लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, मी माझ्याच गोठ्यात माझीच निंदा केली. घोरण्याला भुरीनं कान हलवला. मिठाला डोळे अर्धे मिटले. ट्रंकेला अशी पान्हवली की मी दचकून तांब्या सोडला आणि बादली ओढली. म्हणजे ट्रंकेचं ती खरं मानते! चंद्रभान, ट्रंक चोरीलाच गेली होती. मनमाडला एक माणूस उतरला, त्याच्या हातात मी पाहिली. पण म्हशीपुढे काय बोलणार?

अर्धी बादली झाली. वरची अर्धी राहिली आहे. तू तक्रारी राखून ठेवल्यास त्या आता पाठव. मला काय सोसेल ते मी बघतो. हल्ली मी आपल्या मनानं दोन-चार भर घालतो, पण भुरीला खोट्या लगेच कळतात. परवा मी म्हटलं, "मेला दारू पितो." तिनं शेपटी मारली.

पुढच्या रविवारी खंडेराव बघायला येणार आहे, त्याच्यासमोर बादली भरली पाहिजे. तेव्हा उलट टपाली लिही.

तुझा,
मारुती

*

पालघर,
२९ नोव्हेंबर १९६७

ती. दाजींस.

खंडेराव कोण?

तुमचं पत्र आलं तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. मी मूर्खासारखं मोठ्यानं विचारलं, "ताई, हा खंडेराव कोण गं?" तिनं हातातला घास ताटात ठेवला. मग सगळं सांगितलं. तुम्हाला वसाहतीत क्वार्टर मिळतंय. नळ आहे, वीज आहे, जनावर ठेवायची परवानगी नाही. म्हणून तुम्ही कोळगावच्या तबेल्यातल्या खंडेरावाला म्हैस द्यायचा शब्द देऊन बसलात. दूध बघितल्याशिवाय तो घेत नाही. आणि हे ताईला कोणाकडून कळलं? कमळीकडून! ती गवत टाकता टाकता म्हणाली, "म्हस चालली ना तुमची, मंग गवत कोणाला टाकू?"

पंधरा दिवस तुम्ही माझ्याकडून ग्रंथी आणि पेशी शिकून घेतल्यात, त्या माझ्या बहिणीची म्हैस विकायला. मला वाटत होतं मी संसार सांधतोय. पुष्पलता म्हणते मी दलाली केली, फक्त मला ते कळलं नाही. मला तुमचा राग आला आहे. मी तुमच्याहून लहान आहे म्हणून याहून जास्त लिहीत नाही.

यापुढे माझ्यातर्फे इकडचं तिकडे काही जाणार नाही. एकच वाक्य पाठवतो, तेही तुमच्यासाठी नाही, त्या मुक्या जनावराच्या कासेला त्रास नको म्हणून. ताई काहीही सांगत असली, मीठ असो की ट्रंक असो, शेवटी रोज एकच म्हणते: "मला एका शब्दानं विचारलं नाही." ते म्हणेपर्यंत भुरी वाट बघत असणार.

चंद्रभान

*

बोईसर,
४ डिसेंबर १९६७

सौ. इंदूस,

तुला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली, तशी वेळच आली नाही. चंद्रभान माझं पत्र आता घेईल की नाही ठाऊक नाही, म्हणून तुझ्या नावानं टाकतो आहे. अडलं तर पुष्पलताकडून वाचून घे, तसंही तिला सगळं माहीत आहे.

काल खंडेराव आला, सोबत त्याचा गडी होता. मी लाज सोडून लुगडं नेसलो. खंडेराव तोंडावर उपरणं धरून खोकत राहिला. मी बसलो, घोरण्यापासून सुरुवात केली, मीठ झालं, ट्रंक झाली. बादली अर्धी झाली आणि भुरी थांबली, रोजच्यासारखी. मग मी तुझं ते वाक्य म्हटलं. म्हणायच्या आधी मला ते साधं वाटत होतं. हे वाक्य तू जागेवर नसलेल्या माणसाबद्दल म्हणतेस आणि तो माणूस मी, हे त्या क्षणी मला नीट कळलं. भुरीनं सगळं सोडलं. फेस बादलीच्या काठावरून माझ्या पायावर आला.

खंडेराव खूश. म्हणाला, सौदा पक्का, संध्याकाळी घेऊन जातो. मी त्याला खरं काय ते सांगितलं, की लुगडं आणि बोलणं दोन्ही लागतं. तो म्हणाला, "त्यात काय, माझा गडी बोलेल. कोणाच्या नावानं बोलायचं?" मी म्हटलं, माझ्या. त्यानं गड्याला तिथंच लुगडं नेसवून बसवला. तो उत्तरेकडचा. म्हणाला, "मारुती बहुत खर्राटा मारता है, भैया." भुरीनं आधी बादलीला लाथ मारली, मग त्याला.

खंडेराव म्हणाला, "काय हरकत नाय. चार-आठ दिवसांत होईल सवय. तबेल्यात बारा गडी हायेत, आळीपाळीनं बोलतील." तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आलं, की कोळगावला सकाळ-संध्याकाळ बारा गडी मारुतीनं बायकोला विचारलं नाही असं ओरडताहेत. त्यांना ते बोलायचा काय अधिकार? ते तुझं बोलणं आहे. मी म्हटलं, म्हैस द्यायची नाही. तो रागावला, शब्द मोडलास म्हणाला. मोडला. आधी जो दिला तो मी एकट्यानं द्यायचा नव्हताच.

आता विचारतो. क्वार्टरचं उत्तर पंधरा तारखेच्या आत द्यायचं आहे. घ्यायचं की नाही? भुरीचं काय करायचं? मी काही ठरवलेलं नाही. तू सांगशील ते. तू म्हणालीस भुसावळला परत जाऊ, तर तेही बोलू.

तू नाहीस तर मला करमत नाही. घर खायला उठतं. हे तोंडानं सांगता आलं नसतं.

ट्रंक मात्र चोरीलाच गेली होती.

तुझा,
मारुती

*

बोईसर,
१३ डिसेंबर १९६७

चि. चंद्रभान आणि चि. सौ. पुष्पलता यांस ताईचे अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. न कळवता आले, म्हणून स्टेशनवर कोणी नव्हतं. दुपारची गाडी, चालत घरी आले. तुझे दाजी कामावर होते. घर झाडलेलं होतं, पण कचरा सगळा दाराच्या मागे होता. माझं लुगडं दांडीवर वाळत होतं, नीट पिळून, झटकून. कमळीनं शिकवलं म्हणे.

क्वार्टर घेतलं. तू चकित होशील. अरे, मला नळ नको असं मी कधी म्हटलं होतं? हंडा घेऊन विहिरीवर मी जाते, ते नाही जात. वीज आली तर मला काय वाईट आहे? मला कोणी विचारलं असतं तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, की क्वार्टर घ्या आणि भुरीला कमळीच्या पाड्यावर ठेवू. वसाहतीच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर आहे. कमळीच्या घरी दूध नव्हतंच, तिला तिच्या वाट्याचं मिळेल. तिचा नवरा सुका यानं दोन दिवसांत कुडाचा गोठा उभा केला, भुरी काल तिकडे गेली. तुझ्या दाजींना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "एवढं सोपं होतं?" मी म्हटलं, हो, विचारायला लागत होतं फक्त.

आता खरी गंमत ऐक आणि तुझ्या पुस्तकात कुठे बसते ते मला कळव. आल्यापासून मी घर आवरण्यात होते, धार तुझे दाजीच काढत होते. काल संध्याकाळी मी मोठ्या हौसेनं धार काढायला बसले. माझी म्हैस, माझं लुगडं, माझा आवाज. घोरण्यापासून सुरुवात केली. भुरीनं कान हलवला नाही. ट्रंक सांगितली, तरी ढिम्म. शेवटचं वाक्यसुद्धा म्हणून पाहिलं. माझ्याकडे बघेचना, सारखी पाड्याच्या वाटेकडे बघत होती. मला इतका संताप आला म्हणून सांगू! दोन वर्षं हिच्याशी बोलले, पोटातलं सगळं सांगितलं, आणि बाई महिन्याभरात तिकडे फितूर.

मग तुझे दाजी आले. कामावरून तसेच, पँट, हाताला ग्रीस. लांबून त्यांची पावलं ऐकू आली आणि भुरीच्या सडांतून दूध आपोआप टपकायला लागलं. मी उठले. ते बसले. लुगडं नाही, बारीक आवाज नाही. आणि बोलायला लागले. मला वाटलं, आता माझ्या तक्रारी निघणार. मी कुडाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले, कमळीला हातानंच गप्प बसवलं आणि ऐकलं. आज साहेब काय म्हणाला, कोणता पाइप बसत नव्हता, मग कसा बसवला, दुपारी डब्यात बोंबील होते ते कोणी दिले. दिवसभराचं सगळं. बारा वर्षांत मला यातलं चार आण्याचं कधी सांगितलं नव्हतं. बादली भरत आली तेव्हा म्हणाले, "भुरे, ती आली हं. आता रोज माझं तू ऐकत जा. तिचं मी ऐकतो."

मला काय करावं सुचेना. हसावं तर आवाज झाला असता, आणि रडू तर येतच होतं. कमळी माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बाय, काय झाला गं?" मी डोळे पुसले, दोन पावलं मागे जाऊन आताच आल्यासारखं केलं आणि मोठ्यानं हाक मारली, "अहो, ऐकलंत का?"

आतून आवाज आला, "ऐकतोय. सांग."

तुझी,
ताई